बाईला सोबत हवी

दादाला अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर पहिले काही दिवस त्याच्या तोंडून एकच शब्द नीट निघत होता, तो म्हणजे ‘बाई’. वॉर्डातल्या नर्सना वाटायचं, पेशंटला काहीतरी हवंय. मग एखादी मावशी बेडपॅन घेऊन यायची, दुसरी पाणी आणायची, आणि दादा वैतागून मान फिरवायचा. मलाही आधी कळलं नाही. वहिनीला कळलं. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बरी आसा ती. सकाळी चंदी खाल्ल्यान. तू निजान रव." तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले.

बाई म्हणजे दादाची घोडी. तिला दुसरं नाव कधी ठेवलंच नाही.

आमचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले आणि गिरणी बंद पडल्यावर आम्ही दहिसरच्या चाळीत आलो. दादा शाळा सोडून अंधेरीकडच्या एका स्टुडिओत पडेल ते काम करायला लागला आणि तिथेच घोडेवाल्यांच्या नादी लागला. पुढे त्याने स्वतःचा पांढरा घोडा घेतला. देवांच्या आणि राजांच्या मालिकांना पांढरा घोडा लागतोच. दिसायला तो अगदी चित्रातल्यासारखा होता, पण स्वभावाने भित्रा. लाइट लागले, मोठा पंखा सुरू झाला की घामाने निथळायचा. बाई दादाने त्याच्याही आधी घेतली होती, तीही त्याच कामात होती. स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर घसरून तिचा पुढचा पाय दुखावला आणि डॉक्टरने तिच्या पाठीवर कुणाला बसवायचं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणी तिला वाटेला लावली असती. दादाच्या लक्षात आलं होतं की ती जवळ उभी असली की पांढरा शांत राहतो. मग तिची तीच नोकरी झाली. पांढऱ्याबरोबर ट्रकमध्ये चढायचं, कॅमेऱ्याच्या मागे दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी त्याच्यामागून ट्रकमध्ये चढून परत यायचं.

दादाच्या आजारपणाच्या आदल्या वर्षी पांढरा पोटदुखीने गेला. बाईने खाणं सोडलं. जिथे तो बांधलेला असायचा तिकडे तोंड करून उभी राहायची. दोघं दहिसरच्याच एका म्हशींच्या तबेल्यात असायची; दादाने तिला तिथल्या दुसऱ्या टोकाला, म्हशींच्या शेजारी नेऊन बांधलं. तिथे एक शिंग मोडलेली म्हातारी म्हैस होती. तिच्याशी हळूहळू तिचं जमलं आणि ती परत खायला लागली.

दादा हॉस्पिटलमधून घरी आला त्याच सुमाराला तबेलेवाले काका येऊन सांगून गेले की जागा रिकामी करायचीय, तिथे टॉवर होणार. म्हशी पालघरकडे त्यांच्या चुलतभावाच्या गोठ्यात जायच्या होत्या. घोडीला तिथे जागा नव्हती आणि बघायला माणूसही नव्हता. काका वाईट माणूस नव्हेत. दादाच्या पलंगापाशी बराच वेळ बसले, पण दादाकडे बघून बोलायचं धाडस त्यांना होईना. जाताना दाराशी मला म्हणाले, "दिवाळीच्या आत बघा काहीतरी. म्हशी गेल्यावर ती एकटी राहील. पत्रे ठोकून टाकतील सगळीकडे."

दादा-वहिनीला मूलबाळ नाही. वहिनीला त्याच्यापासून हलता येत नव्हतं. राहिले मी. मी नाहूरला राहते, अंधेरीला एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेते, आणि घोड्यांना घाबरते. ऑफिस सुटलं की मेट्रोने दहिसर, तबेल्यात जाऊन बाईला चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, मग दादाकडे डोकावून घोडबंदरवरून ठाणे आणि तिथून घर, असं सुरू झालं. पहिल्या दिवशी मी घमेलं लांबूनच पायाने पुढे सरकवलं. बाईने घमेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी मागे सरकेपर्यंत तोंड घातलं नाही. दादाने हे वहिनीकडून ऐकलं तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा हसला म्हणे.

मी फोनवरून ओळखीच्यांना निरोप पाठवले. वय झालेली, शांत घोडी आहे, पाठीवर बसता येणार नाही, प्रेमाने सांभाळणारं कुणी हवंय. निरोप कुठल्या कुठे पसरला. लोक बाईचे फोटो मागायचे, किती गोड म्हणायचे आणि गप्प व्हायचे. मग एक दिवस ऑफिसात असताना एका माणसाचा फोन आला. बोलायला गोड होता.

"घोडी स्वतःच्या पायाने चालते ना?"

"चालते. थोडी लंगडते."

"बरं. वजन किती असेल अंदाजे?"

"वजन कशाला?"

"टेम्पोचं बघावं लागतं ना ताई. आज संध्याकाळीच उचलतो. तुमची पण कटकट मिटेल."

तिचं वय, खाणं, पायाचं दुखणं यातलं त्याने काही विचारलं नाही. दिवसभर माणसांचे आवाज ऐकणं हेच माझं काम आहे, आणि या आवाजात मला काहीतरी फार घाईचं वाटलं. मी नको म्हणून फोन ठेवला. मग जागेवर येऊन बसले. तबेला दहिसरला आहे हे आपण त्याला बोलून गेलो का, तेच आठवेना. पुढचे सगळे फोन मी कसे घेतले कोण जाणे. लवकर निघाले. दहिसर स्टेशनपासून रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, जरा लवकर घे. बाई जागेवर होती. शिंगमोडीच्या पाठीवर हनुवटी टेकून पेंगत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या मानेला हात लावला. मानेखाली ती ऊबदार होती आणि थोडी ओलसर. तो माणूस खरंच टेम्पोचंच बघत असेल, कदाचित. मी काकांना सांगून ठेवलं, कुणीही येऊन माझं नाव घेतलं तरी घोडी सोडायची नाही.

त्यानंतर मुलुंडचे एक गृहस्थ स्वतः येऊन बघून गेले. लग्नाच्या वरातीचे घोडे होते त्यांचे. नुसती जोडीला ठेवीन म्हणाले, पण बोलता बोलता बाईच्या पाठीवर तळहात फिरवून खोगीर कुठे बसेल ते बघत होते. वसईजवळ बंगला असलेलं एक जोडपं मात्र मला आवडलं. दोघंही रिटायर झालेली. मोठं आवार, आंब्याची सावली, नळाचं पाणी. त्यांनी तिच्या गोळ्या-औषधांचं विचारलं, डॉक्टर किती लांब आहे ते आपणहून सांगितलं. मी जवळजवळ हो म्हणूनच आले आणि दादाला सांगायला गेले.

दादा उशीला टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"एक? एक काय?"

"ए... कटी?"

"हो, तिथे दुसरं जनावर नाही. पण माणसं चांगली आहेत रे. दिवसभर घरात असतात."

त्याने मान हलवली. "एकटी... नको."

"दादा, आता निवडत बसायला वेळ नाही. म्हशी चालल्यात. मला रोज जमत नाही इथपर्यंत. त्या माणसाचा फोन आला होता तेव्हापासून मला झोप नाही. तू नुसता नको म्हण."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला खूप बोलायचं होतं आणि येत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "खाणार... नाही ती." आणि तोंड भिंतीकडे केलं. तो रडतोय हे मला खांद्यावरून कळलं. मी वसईला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या बाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, ती एकटी पडेल हे आमच्याही डोक्यात आलं होतं. पण घरी जाताना बसमध्ये मला वाटत होतं की एक चांगलं घर मी हातचं घालवलं, आणि आता जे मिळेल ते याहून वाईटच असणार.

गोराईचं वहिनीच्या कोळणीने सुचवलं. दहिसरच्या बाजारात वहिनी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेते. वहिनीने बांगडे साफ करून घेता घेता तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिच्या नणंदेकडे, गोराईला, एक घोडा आहे. नणंदेचा नवरा जेटीपासून बीचपर्यंत टांगा चालवायचा. तो वारला, टांगा मोडीत गेला, घोडा तेवढा राहिला. नणंद मासळीच्या धंद्यावर त्याला पोसते.

रविवारी मी बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून गेले. मनात प्रश्नांची तयारी केली होती. जागा बघायची, पाणी बघायचं, कुंपण बघायचं, घोड्याची तब्येत बघायची. कोळणीची नणंद, जिला सगळे मावशी म्हणायचे, अंगणात जवळा वाळत घालत होती. साठीची, काटक बाई. तिने मला बसायला सांगितलं नाही. मी तोंड उघडायच्या आधीच तिने विचारलं, "तुमची घोरी लाथा मारते का?"

"नाही."

"चावते?"

"मला तरी चावली नाही."

"तुमी रोज असता का तिच्याजवल?"

"रोज जाते. पण खरं सांगायचं तर मी घाबरते तिला."

तिने जवळ्यावरचा हात थांबवला. "माझा घोरा आंधला झालाय. आधी एक डोला गेला, आता दुसऱ्यानं पन नाय दिसत. वाडीत फिरतो नि माडावर आपटतो. सोबत पायजे त्याला, पन त्याला मारनारी नको. त्याला लाथ कुठून येते ते पन कलायचं नाय."

मग तिने मला मागे नेलं. माडांमध्ये बांबूचं कुंपण घातलेली जागा होती, कौलारू छप्पर, सिमेंटची टाकी. घोडा करड्या रंगाचा, पोक आलेला, पण खरारा केलेला. कपाळावर जुनी खरचटल्याची जागा होती आणि त्यावर हळद लावलेली. मावशीने जीभ टाळूला लावून आवाज केला तसा तो तिच्याकडे सरळ चालत आला आणि तिच्या खांद्यावर नाक घासलं. मी नेलेले सगळे प्रश्न विसरले. तिचे संपले नव्हते. बाई किती जुनी, कशाने लंगडते, रात्री दारं वाजवते का, माजावर आली की कशी वागते. मला निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या. मी निघताना ती म्हणाली, "मी येऊन बघीन. बघितल्याशिवाय हो नाय बोलनार."

त्या आठवड्यात मला वेगळीच धास्ती लागली. आतापर्यंत मी लोकांना नाही म्हणत होते. आता आपल्याला कुणी नाही म्हणालं तर काय, असं होतं. काकांनी निम्म्या म्हशी हलवल्या होत्या. मावशी यायच्या दिवशी मी रजा घेतली, बाईला धुतलं, म्हणजे लांबून पाइपने पाणी मारलं, आणि देवाला हात जोडून सांगितलं की आज हिला पाय उचलू देऊ नकोस.

मावशी आली ती थेट बाईच्या मागे जाऊन उभी राहिली.  तिने बाईच्या मागच्या पायावरून हात फिरवला, शेपटी उचलली, पोटाखाली हात घातला. बाईने फक्त मान वळवून बघितलं. मग मावशीने शिंगमोडीला दुसरीकडे न्यायला सांगितलं. म्हैस दिसेनाशी झाली तशी बाई दाव्याला ताण देऊन खिंकाळायला लागली. मला वाटलं, संपलं. मावशी नुसती बघत राहिली. म्हैस परत आल्यावर बाई तिच्या कुशीला चिकटली.

"घेऊन या," मावशी म्हणाली. तिथून ती दादाला भेटायला चाळीत आली, त्याच्या पलंगाच्या कडेला बसली आणि त्याचा निर्जीव हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "दादा, मी तिला विकनार नाय, कुनाला देनार नाय. माझं काय झालं तर माझा लेक बघल. तो पन टांग्यावरच मोठा झालाय." दादाने डाव्या हाताने तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

न्यायच्या दिवशी बाई ट्रकमध्ये चढेना. फळी टाकली, गूळ दाखवला, मागून दोघांनी जोर लावला. ती चारी पाय रोवून उभी. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. तिच्या मानेवर घाम फुटला होता आणि दुखरा पाय थरथरत होता. मला भीती वाटत होती की ढकलाढकलीत तो पाय पुन्हा जाईल. मी दादाला फोन लावला. वहिनीने फोन त्याच्या कानाला धरला. मी विचारलं, "चढत नाही रे, काय करू?" पलीकडून त्याची धडपड ऐकू आली. मग एक शब्द. "मागून."

"मागून ढकलतोच आहोत."

"नाय," तो म्हणाला. आणि पुन्हा, जोर लावून, "मागून... ती."

मला कळलं नाही, पण काकांना कळलं. ते इतकी वर्षं रोज पहाटे बघत आले होते की आधी पांढरा चढायचा आणि ती त्याच्यामागून. तिच्यापुढे कुणीतरी चढायला हवं होतं. काकांनी शिंगमोडीला सोडलं आणि शेपूट पिरगाळून फळीवर घातलं. म्हैस कुरकुरत वर गेली. बाईने फळीला नाक लावलं आणि तिच्यामागे चालत गेली.

आता म्हैस खाली उतरवायची तर बाई वाटेत. काका कपाळाला हात लावून उभे राहिले. "अब क्या, माझी म्हैस पण फिरायला चालली," म्हणाले, आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. मी त्यांच्या बाजूला. चेकनाक्याला ट्रॅफिकमध्ये रिक्षातले लोक मान बाहेर काढून बघत होते. भाईंदरला एका पुलाच्या चढावर ट्रक बंद पडला आणि मागे काहीतरी धाडकन आपटलं. मी खिडकीतून बाहेर वाकून बघितलं तर दोघी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. उत्तनच्या पुढे रस्ता अरुंद झाला, खारा वारा लागला, तेव्हा बाई पहिल्यांदा फुरफुरली.

भेट काही गोड झाली नाही. करड्याला वास आला तसे त्याने कान मागे पाडले, दात दाखवले आणि आंधळेपणाने हवेत लाथ झाडली. ती बांबूला लागून बांबू मोडला. बाई घाबरून म्हशीच्या आड गेली. मावशीने मधे कुंपण घातलं आणि मला म्हणाली, "तुमी जावा. तुमी असलात तर मला पन भीती वाटते." शिंगमोडीला ट्रकमध्ये घालून आम्ही निघालो तेव्हा बाई खिंकाळत होती. वळणापर्यंत आवाज येत होता.   दादाला मी सांगितलं की सगळं छान झालं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. खात नाय. तिसऱ्या दिवशी, थोडं पाणी प्यायली. मी ऑफिसात कॉलच्या मधे मधे वसईच्या त्या बाईंचा नंबर काढून बघायची आणि परत ठेवायची. तिला परत आणायचं म्हटलं तरी कुठे आणणार होते, तबेल्याला पत्रे लागले होते. रविवारी मी बोटीतून उतरून वाडीपर्यंत जवळजवळ पळत गेले. मधलं कुंपण तसंच होतं. पण बाई कुंपणाला लागून उभी होती आणि पलीकडून करड्याने बांबूंच्या फटीतून तोंड घालून तिच्या घमेल्यातलं खाणं सुरू केलं होतं. त्याला बघून तीही खात होती.

"कालपास्नं असंच," मावशी म्हणाली. "आपलं टाकून तिचं खातो." पुढच्या आठवड्यात तिने कुंपण काढलं आणि बाईच्या गळ्यात छोटी घंटा बांधली. करडा त्या आवाजामागे चालायला शिकला. त्याच्या कपाळावरची जखम बुजत आली.

मी पुढे बरेच महिने रोज फोन करत राहिले. मावशी एकदा चिडून म्हणाली, "काय झालं तर मीच सांगीन ना. तुमचा फोन आला की मलाच धडकी भरते, काय झालं म्हनून." तेव्हापासून मी रविवारीच करते. तरी त्या बाजूला ढग दिसले, किंवा बोटी बंद असल्याचं कुठे ऐकलं की हात फोनकडे जातो.

दादा काठी घेऊन थोडा चालायला लागल्यावर आम्ही त्याला गाडीने गोराईला नेलं. मावशीने माडाखाली खुर्ची टाकली. दादाने हाक मारली, पहिल्यासारखी स्वच्छ नाही, पण ऐकू येईल अशी. घंटा वाजली आणि बाई झाडांमधून आली. त्याच्या मांडीवर नाक ठेवलं. तो डाव्या हाताने तिचं कपाळ खाजवत होता, वहिनी डोळे पुसत होती, आणि तेवढ्यात पलीकडून करडा फुरफुरला. बाईने कान फिरवले. क्षणभर थांबली, दादाच्या हाताखालून मान काढून घेतली आणि लंगडत करड्याकडे गेली. पुन्हा काही आली नाही. दादाचा हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो मांडीवर ठेवला.

परतताना मावशीने एवढा सुका जवळा बांधून दिला की गाडीभर वास पसरला. ड्रायव्हरने काचा खाली केल्या. दादा बाहेर बघत बसला होता. वहिनीने विचारलं, "वाईट वाटला काय रे तुका?"



"वाटलं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, शब्द जुळवून, "पण बरं... झालं." आणि काच आणखी खाली करायला सांगितली.